चंदीगड ते लेह : बाबांची राहून गेलेली फेरी

दिवस पहिला : पुणे ते चंदीगड

धानोरीत राहणाऱ्यांना विमानांचं अप्रूप नसतं. डोक्यावरून सुखोई गेलं की बोलणं अर्ध्यात थांबवायचं, आवाज ओसरला की पुढचं बोलायचं, ही आमच्या घरातली जुनी सवय. बाबा मात्र अजूनही दर वेळी मान वर करतात. या प्रवासाच्या वेळी ते ७४ वर्षांचे होते. हवाई दलात ते इंजिन फिटर होते आणि नोकरीची सगळ्यात जास्त वर्षं त्यांनी चंदीगडला काढली. आधी एएन-१२ या मालवाहू विमानावर आणि १९८४ मध्ये एएन-३२ हे दुसरं मालवाहू विमान आलं तेव्हापासून त्याच्यावर.

रोज पहाटे लेहची विमानं तयार करून द्यायची, हे त्यांचं काम. स्वतः मात्र ते लेहला कधीच उतरले नाहीत. १९८१ च्या मार्चमध्ये एकदा कामानिमित्त निघाले होते. विमान लेहच्या जवळ पोचलं, खाली सगळं ढगांनी भरलेलं होतं, वैमानिकानं माघारी वळवलं आणि दोन तासांनी बाबा पुन्हा चंदीगडच्याच टारमॅकवर उभे. लहानपणापासून ही गोष्ट आम्ही इतक्या वेळा ऐकली आहे की ती आमचीच आठवण वाटते. जून २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मी त्यांना घेऊन निघाले. डॉक्टरांनी हृदय आणि फुप्फुसं नीट तपासून होकार दिला, तेव्हाच तिकिटं काढली.

लोहगावच्या टर्मिनलमध्ये बसल्यावर बाबा म्हणाले, "आपल्या प्रवासातले तिन्ही विमानतळ हवाई दलाचे बघ. आपण तिन्हीकडे पाहुणे." मी आजवर असा विचार केला नव्हता. पुण्याची धावपट्टी हवाई दलाची, टॉवरही हवाई दलाचा. २०२१ च्या ऑक्टोबरात धावपट्टीच्या कामासाठी विमानतळ १४ दिवस बंद होता, तेव्हा गावभर कुरकुर झाली होती. त्यात मीही होते.

बाबांना मुद्दाम खिडकीजवळची जागा घेतली होती. पण चंदीगड जवळ आलं आणि हवाई सुंदरी एकेका रांगेत येऊन शटर खाली ओढायला सांगू लागली. मे महिन्यातल्या पाकिस्तानबरोबरच्या संघर्षानंतर सीमेजवळच्या संरक्षण दलांच्या तळांवर उतरताना आणि उडताना शटर बंद ठेवायचा नियम तेव्हा आला होता. त्या दिवसांत देशातले ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद होते, त्यांत चंदीगड होतं आणि लेहसुद्धा. चाळीस वर्षांनी तळ दिसणार म्हणून आलेल्या माणसासमोर प्लास्टिकचा पांढरा पडदा आला. मला फार वाईट वाटलं. बाबांनी मात्र सांगायच्या आधीच शटर ओढलं होतं. "त्या बाजूला काय उभं आहे, ते कुणाच्या फोनमध्ये जायला नको," म्हणाले आणि डोळे मिटून बसले. चाकं टेकली तेव्हा त्यांचा तळहात सीटच्या दांड्यावर सपाट टेकलेला होता. "धावपट्टी लांबवलीय. आमच्या वेळी इतक्यात ब्रेक लागले असते."

दिवस दुसरा : चंदीगड

आम्ही झिरकपूरला उतरलो होतो, विमानतळाच्या अलीकडे. पहाटे साडेचारला जाग आली तर बाबा गॅलरीत, हातात पाण्याचा तांब्या. अंधारातून एक घरघर वर चढत होती. जेट विमानासारखी कान फाडणारी नाही. खाली जड, वर धारदार, आणि छातीत जाणवणारी. "एएन-३२," बाबा म्हणाले. "एआय-२० इंजिन. एएन-१२ लाही हेच घराणं होतं, तिला चार आणि हिला दोन."

मग चहा येईपर्यंत शिकवणीच झाली. एएन-३२ ची इंजिनं पंखाच्या खाली नाहीत, वर बसवलेली आहेत. पंखे मोठे, जवळजवळ पावणेपाच मीटर व्यासाचे. ते जमिनीपासून उंच राहावेत आणि कच्च्या धावपट्टीवरचे खडे-धूळ इंजिनात जाऊ नये, म्हणून ही रचना. उष्ण हवेत आणि उंचावर ताकद कमी पडू नये, हा या विमानाचा मूळ हेतू. भारताने ते घेतलं आणि त्याला नाव दिलं 'सतलज'. जास्तीत जास्त माल सुमारे पावणेसात टन. "लेहला मात्र पूर्ण भरून नाही चालत," बाबा म्हणाले. का, ते पुढे तिथेच समजलं.

पहाटेच का? दुपारी लेहच्या दरीत वारे सुटतात. त्याआधी जाऊन, माल उतरवून, परत यायला हवं. म्हणून सगळा तळ मध्यरात्रीनंतर जागा व्हायचा. बाबांच्या आठवणीत जानेवारीतली थंडी आहे. डांगरीच्या आत दोन स्वेटर, आणि तरी पान्याला हात लावला की बोटं चिकटायची. आणि ट्रान्झिट कॅम्पमधून आलेली पोरं, कुरिअरसाठी नाव पुकारलं जायची वाट बघत आपल्याच ट्रंकेवर बसलेली. जवान या विमानाला कुरिअरच म्हणतात. हवामान बिघडलं की ती चार-चार दिवस तशीच बसून राहत.

सकाळी बहलाना गावात गेलो. तळाच्या भिंतीला लागून असलेल्या या गावात लग्नानंतर आई-बाबांनी भाड्याने खोली घेतली होती. खोली सापडली नाही, तिथे तीन मजली इमारत आहे. गेटजवळ आम्ही रेंगाळलो नाही. नागरी टर्मिनल आता धावपट्टीच्या पलीकडे, मोहालीच्या बाजूला झिऊरहेडी गावात आहे. २०१५ मध्ये ते सुरू झालं आणि २०२२ मध्ये विमानतळाला शहीद भगतसिंग यांचं नाव मिळालं. एका पट्टीच्या एका अंगाला सहलीला निघालेली कुटुंबं, दुसऱ्या अंगाला रॅम्पवरून चढणारी रेशनची पोती.

दुपारी सेक्टर १८ मधलं हवाई दलाचं वारसा केंद्र पाहिलं. २०२३ मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय चंदीगडला जाणाऱ्यांनी चुकवू नये. नॅट हे लढाऊ विमान आहे आणि १९५८ मध्ये हवाई दलाच्या हरजिंदर सिंग यांनी घडवलेलं 'कानपूर-१' हे छोटंसं विमान आहे. बाबा त्या कानपूर-१ समोर फार वेळ थांबले. तंत्रज्ञ म्हणून सुरुवात करून एअर व्हाइस मार्शल झालेला माणूस, हे त्यांच्या पिढीच्या फिटर लोकांना तोंडपाठ असतं.

तिथून निघताना त्यांनी १९६२ ची गोष्ट सांगितली. सोव्हिएत संघाकडून घेतलेली एएन-१२ ताफ्यात येऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. ऑक्टोबरच्या शेवटी २० लान्सर्स या लष्करी रेजिमेंटचे सहा एएमएक्स-१३ रणगाडे या विमानांतून लडाखमधल्या चुशूलला उतरवले. रस्त्याने तिथे रणगाडा नेणं शक्यच नव्हतं. बाबा नोकरीला लागले ते त्यानंतर आठ वर्षांनी, पण हँगरमधली जुनी माणसं ते काल घडल्यासारखं सांगायची.

दिवस तिसरा : लेह

पहाटे चार वाजता टर्मिनल. रांगेत निम्मे तरी जवान होते, साध्या कपड्यांतले, पण बुटांवरून ओळखू येणारे.

पुन्हा शटर खाली, उड्डाण, आणि दहा हजार फुटांवर गेल्यावर उघडायची परवानगी. बाबांनी शटर वर सरकवलं आणि खाली शिवालिकच्या टेकड्या मागे पडत होत्या. मग हिरवा रंग संपला. पुढे बर्फ, त्यामागे बर्फ, कडा, हिमनद्यांच्या राखाडी रेघा. मी फोटो काढत होते. बाबा काहीतरी शोधत होते.

"५३४ इथेच गेलं," ते म्हणाले.

७ फेब्रुवारी १९६८. बीएल-५३४ हे एएन-१२ चंदीगडहून लेहला निघालं. आत ९८ प्रवासी, बहुतेक सुट्टीवरून परतणारे जवान, आणि चार जणांचा चमू. लेहच्या जवळ हवामान बिघडलं, वैमानिकानं माघार घेतली, आणि रोहतांगच्या आसपास विमान गायब झालं. ३५ वर्षं काही सापडलं नाही. घरच्यांना 'बेपत्ता' या शब्दावर जगावं लागलं. २००३ मध्ये गिर्यारोहकांना लाहौलच्या चंद्रभागा रांगेत, ढाका हिमनदीवर विमानाचे तुकडे आणि एका जवानाचे अवशेष मिळाले. त्यानंतर लष्कराने पुन्हा पुन्हा मोहिमा काढल्या.

बाबा चंदीगडला रुजू झाले तेव्हा हा आकडा हँगरमध्ये कुणी मोठ्याने उच्चारत नसे. त्यांना काम शिकवणाऱ्या सार्जंटने त्या पहाटे दुसऱ्या विमानावर काम केलं होतं. तो प्रत्येक नट कसल्यावर त्यावर दोन बोटं ठेवायचा, मगच पुढचा घ्यायचा. बाबाही तसंच करतात, अजूनही, घरातल्या गॅसच्या शेगडीचा नॉब बसवतानासुद्धा. ही सवय कुठून आली ते मला त्या खिडकीजवळ कळलं. आणि १९८१ मध्ये आपलं विमान माघारी वळलं तेव्हा मालाच्या गोठवणाऱ्या भागात, लोखंडी बाकावर बसून ते दोन तास त्यांच्या मनात काय चाललं असेल, तेही. ती गोष्ट सांगताना त्यांनी या भागाबद्दल कधीच काही सांगितलं नव्हतं.

लेहची धावपट्टीच १०,६८२ फुटांवर, म्हणून उतरायला सुरुवात होताच शटर बंद झाली. विमान दरीत वळत होतं. एकदा डावीकडे, मग बराच वेळ उजवीकडे. मग चाकं टेकली, इंजिनांचा उलटा जोर लागला आणि विमान लांबपर्यंत पळत राहिलं.

जिन्यावरून खाली आल्यावर हवेचा पहिला घोट कोरडा आणि थंड होता. कुठेही फोटो काढायचा नाही, अशी सूचना चालू होती. बसच्या पायरीवर एक पाय ठेवून बाबांनी मागे वळून पट्टी पाहिली. "उतरलो एकदाचा," म्हणाले.

दिवस चौथा : लेह

विश्रांती. पहिले दोन दिवस पडून राहायचं, हे इथले सगळे डॉक्टर सांगतात आणि ते ऐकावंच. बाबांच्या रक्तातला प्राणवायू सकाळी ८६ टक्के, संध्याकाळी ८९. थुक्पा, पाणी, झोप. खिडकीतून एएन-३२ चा आवाज आला की बाबा झोपेतही कूस बदलत होते.

दिवस पाचवा : स्पितुक आणि हॉल ऑफ फेम

स्पितुकचा मठ धावपट्टीच्या टोकाशीच एका टेकडीवर आहे. गाडी बरीच वर जाते. उरलेल्या पायऱ्या आम्ही दहा-दहा करत चढलो. वरच्या मंदिरातल्या देवतेचा चेहरा वर्षभर झाकलेला असतो, फक्त गुस्तोरच्या उत्सवात उघडतात. इथे येणारे जवान तिला कालीमाता म्हणतात. बाबा अंगणातच थांबले. त्यांना ज्यासाठी यायचं होतं ते अंगणातून समोर दिसत होतं. एका बाजूला सिंधू, तिच्या काठाला हिरवी शेतं, आणि मध्ये काळीभोर सरळ पट्टी. फोन आम्ही दोघांनी पिशवीत टाकले.

साडेआठच्या सुमाराला एएन-३२ आलं. आपल्याला सवय असते विमान खालून पाहायची. इथे ते जवळजवळ डोळ्यांच्या पातळीवरून गेलं. राखाडी पाठ, पंखांवर बसलेली ती दोन फुगीर इंजिनं, फिरत्या पात्यांचं धूसर वर्तुळ, आणि मागचा आवाज टेकडीवर आपटून परत आलेला. एक छोटा भिक्षू हातातली बादली खाली ठेवून बघायला आला. बाबांचा हात वर गेला. सलाम नव्हता तो, कुणीतरी ओळखीचं बसमधून जाताना करतो तसा.

मग लेहचं गणित त्यांनी तिथे बसून सांगितलं. इथली हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश दाट, ऊन वाढलं की आणखी विरळ. पंखाला उचल कमी, पंख्याला पकड कमी, इंजिनाला ताकद कमी. म्हणून उड्डाणाला जास्त पळावं लागतं आणि माल कमी न्यावा लागतो. पूर्वेच्या टोकाला डोंगर चढत गेलेत, म्हणून विमानं पश्चिमेकडून येऊन उतरतात आणि उडतात ती उलट्या दिशेने, पुन्हा पश्चिमेलाच. २०२४ च्या जुलैत लेहमध्ये उन्हाळा इतका वाढला की नागरी विमानं रद्द करावी लागली, ती याच कारणाने. "लोक म्हणतात ऊन पडलंय, आभाळ मोकळं आहे, मग उडत का नाही? ऊन पडलंय म्हणूनच."

त्याच सकाळी दोन प्रवासी विमानं उतरली, आणि मध्ये एक आयएल-७६, ज्याला हवाई दलात 'गजराज' म्हणतात. ते उतरत होतं तेव्हा प्रवासी विमान कडेला थांबून होतं. त्यातले लोक घड्याळ बघत असणार. उशिराची घोषणा ऐकून मीही आजवर तेच करत आले. वरून पाहिल्यावर मात्र त्या उशिराला पोट होतं, चाकं होती आणि त्यातून उतरणारी माणसं होती.

हॉल ऑफ फेम हे लष्कराचं संग्रहालय विमानतळापासून जवळच आहे. सियाचीनचे बूट, हातमोजे, तिथला तंबू. १३ एप्रिल १९८४ च्या ऑपरेशन मेघदूतपासून ती उंची माणसांनी धरून ठेवली आहे, आणि तिथे लागणारं रॉकेल असो की डाळ, बराचसा प्रवास हवेतूनच होतो. गलवानमधल्या चीनबरोबरच्या चकमकीनंतर, २०२० मध्ये, हवाई दलाने ६८,००० हून अधिक जवान, सुमारे ९० रणगाडे आणि जवळपास ३३० लढाऊ वाहनं पूर्व लडाखला पोचवली, असं २०२३ मध्ये बातम्यांत आलं होतं. एकूण वजन सुमारे ९,००० टन. बाबांनी हे आकडे मला दोनदा म्हणून दाखवायला लावले.

दिवस सहावा : लेह बाजार

पँगाँगला गेलो नाही. ते आणखी उंचावर, आणि बाबांना ते झेपलं नसतं. तिथे डिसेंबर २०२४ मध्ये उभारलेला शिवाजी महाराजांचा पुतळा पाहायची इच्छा होती, ती राहिली.

बाजारात एका वयस्क लडाखी दुकानदाराकडे जर्दाळू घेतले. बाबा हवाई दलातले कळल्यावर त्यांनी बसायला स्टूल दिलं. त्यांच्या लहानपणी खिंडी बंद झाल्या की कित्येक महिने ताजी भाजी दिसायची नाही. घरातलं कुणी आजारी पडलं तर हवाई दलाच्या विमानात जागा मिळते का, एवढीच आशा. २०१० च्या ऑगस्टमध्ये ढगफुटीने कितीतरी घरं वाहून गेली, तेव्हा मदत आकाशातून आली, हे सांगताना त्यांचा आवाज बदलला.

इथल्या पहिल्या विमानाची गोष्टही त्यांनी सांगितली. २४ मे १९४८. सोनम नोरबू या लडाखी अभियंत्याने गावकऱ्यांना हाताशी धरून सिंधूकाठी वाळूत पट्टी तयार केली, आणि एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डाकोटा तिच्यावर उतरवली. सोबत मेजर जनरल थिमय्या. विमानात ना प्राणवायूची सोय, ना दाब राखलेली केबिन, ना वाटेचा नकाशा. लोकांनी हा प्राणी कधी पाहिला नव्हता, म्हणून काहींनी त्याच्यासाठी गवताच्या पेंढ्या आणल्या, असं इथे सांगतात. दुकानदार हसले नाहीत. "पाहुणा एवढ्या लांबून आला, त्याला खायला नको का द्यायला?" एवढंच म्हणाले. जर्दाळूंचे पैसे त्यांनी घेतले, वर मूठभर अक्रोड टाकले.

दिवस सातवा : परत

जाणाऱ्यांसाठी एक सांगते. लेहहून परतताना पुढचं विमान त्याच दिवसाचं घेऊ नका, एक दिवस हाताशी ठेवा. आमचं विमान सकाळी सातचं. दरीत ढग होते, आठ वाजले, नऊ वाजले. काउंटरवर एक गृहस्थ चढ्या आवाजात भांडत होते. बाबा शांत होते, त्यांना असं थांबण्याची सवय होती.

शेजारी खटाव तालुक्यातला एक जवान बसला होता, चोवीस-पंचवीसचा, महिन्याच्या सुट्टीवर निघालेला. मराठी ऐकून स्वतःच बोलायला आला.

"वर कसा आलास, कुरिअरनं?" बाबांनी विचारलं.

"हो काका, एएन-३२ नं. डिसेंबरात. तीन दिवस चंदीगडला बसलो होतो."

"ट्रंकेवर?"

"आता बॅगा असतात," तो हसून म्हणाला.

साडेनऊला ढग फाटले. आधी दोन लष्करी विमानं उतरली, मग आम्हाला बोलावलं. तो आमच्याच रांगेत, कडेच्या सीटवर आला. शटर खाली होतं. बाबा डोळे मिटून पुटपुटत होते, "ब्रेक धरलेत... पूर्ण ताकद... सोडले." विमान पळत राहिलं, पळत राहिलं, पुण्यात कधीच उडालं असतं तरी पळत राहिलं. "आता," बाबा म्हणाले, आणि चाकं सुटली.

शटर उघडायची सूचना आली तेव्हा खाली पांढऱ्या रांगा सुरू झाल्या होत्या. बाबा पुन्हा काचेला कपाळ लावून.

"काय बघताय, काका?"

"५३४."

तो पोरगा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "गेल्या सप्टेंबरात चौघं मिळाले, काका. लष्कराच्या डोग्रा स्काउट्सवाल्यांना. छप्पन वर्षांनी. घरी पोचवलं सगळ्यांना."

बाबांना हे माहीत नव्हतं. त्यांनी सीटचा पट्टा सैल केला, मागे सरकून बसले आणि त्याला खिडकीकडे वाकायला जागा करून दिली.